दाढदुखीची केस

पटेलकाकांचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. शनिवारची दुपार होती, आठवडाभरानं ऊन पडलं होतं. पटेलकाकांची आमच्या चढाच्या पायथ्याशी डेअरी आहे. डेअरी म्हणजे इकडे दूधडेअरी नव्हे, कोपऱ्यावरचं दुकान. ब्रेडपासून बॅटरीपर्यंत सगळं मिळतं तिथे. काका कधी फोन करत नाहीत. "बेन, तुम्हारे डॉक्टर रास्ते में बैठ गये हैं, अँब्युलन्स बुलाई है, जल्दी आओ," एवढंच म्हणाले. मी हातातल्या चिमट्यांसकट पळाले. पोचले तेव्हा डॉक्टर बसलेले नव्हते, आडवे होते, आणि अँब्युलन्समधली एक मुलगी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती. बाजूला दुधाची प्लास्टिकची बाटली उभी होती, कुणीतरी नीट ठेवल्यासारखी. मला वेड्यासारखं वाटत राहिलं की आता हे उठतील आणि त्या मुलीला म्हणतील, शाब्बास, हात बरोबर ठेवलेस... ते काही उठले नाहीत.

त्याला आता सात आठवडे झाले. मी नववीत शाळा सोडलेली बाई, असं काही लिहायची सवय नाही. पण सात आठवडे एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे आणि तिचं टोक सापडत नाही, म्हणून लिहिते आहे.

खंडारे डॉक्टर अकोल्याचे. तिकडे बारा वर्षं त्यांनी स्वतःचा दवाखाना चालवला होता. पण बाहेरून आलेल्या डॉक्टरांना इकडे पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास होईपर्यंत ते पेनरोजला, माझ्याच शेजारी, औषधांच्या गोदामात खोकी भरत होते. माझे मिस्टर तिथल्याच एका कारखान्यात मशिनिस्ट. आम्ही तिघं हेन्डरसनला एकाच गल्लीत राहायचो, तिथून एकाच गाडीनं जायचो. गोदामातला माझा पहिला आठवडा मी रडतच काढला होता. औषधांची नावं हातभर लांब, एकासारखी दुसरी, आणि मी इचलकरंजीची, इंग्रजी वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर जुळवत बसायची. चौथ्या दिवशी पलीकडच्या रांगेतून एक सावळा, चष्मेवाला माणूस आला, माझ्या खोक्यात डोकावला आणि मराठीत म्हणाला, "काय वो ताई, बीपीच्या पेशंटला साखरेच्या गोळ्या पाठवता? कुणाच्या तरी आजीला चक्कर येईल ना!" मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी हसायच्या ऐवजी पुन्हा रडले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावं वाचायला शिकवली. शेवटची चार अक्षरं बघायची, त्यावरून औषधाचं घराणं कळतं, म्हणायचे. सुपरवायझर थट्टेनं त्यांना इथल्या रीतीचा नमस्कार घालायचा, "किया ओरा, डॉक" म्हणायचा. ते मान वाकवून "जय भीम, साहेब" म्हणायचे, आणि दोघंही खूश.

रविवारी दोन वाजता त्यांचा इंटरनेटवरचा ग्रुप जमायचा. असे डॉक्टर इथे गावोगावी आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळलं. वेलिंग्टनला बेकरीत काम करणारे इराकचे डॉक्टर बसीम, हॅमिल्टनला वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या श्रीलंकेच्या दिलिनीबाई, आणि ख्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहणारी, इथेच डॉक्टरकी शिकणारी पुण्याच्या घरातली रिचा. ती डॉक्टरांना इथल्या बोलण्याची रीत सांगायची आणि हे लोक तिला रोग ओळखायला शिकवायचे. एकमेकांना पुस्तकं पोस्टानं पाठवायचे, परीक्षेच्या गावी कुणाच्या ओळखीच्यांकडे उतरायचं ते ठरवायचे, कुणाच्या आईचं ऑपरेशन असलं की बाकीचे तिचे रिपोर्ट मागवून वाचायचे. हेडफोन लावून बोलायचे सगळे, चेहरे कुणी कुणाचे पाहिलेले नव्हते.

परीक्षेत खोटा पेशंट समोर बसवतात आणि डॉक्टरनं त्याला नीट प्रश्न विचारून दुखणं ओळखायचं असतं. त्याची प्रॅक्टिस हे लोक एकमेकांवर करायचे, पण जमायचं नाही. डॉक्टर पेशंट झाला की दोन वाक्यांत रोगाचं नाव निघेल असंच बोलतो. मग एका रविवारी मी डब्यात पुरणपोळ्या घेऊन त्यांच्या खोलीवर गेले होते, तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि कानाला हेडफोन लावले. "डॉक्टर, मला काहीच येत नाही हो," मी म्हणाले. "तेच तर पाहिजे. काही न येणं हीच तुमची डिग्री," ते म्हणाले, "आणि इंग्रजी मोडकंच राहू द्या. पेशंट असाच बोलतो."

तेव्हापासून मी दर रविवारी कुणीतरी आजारी असायची. ते माझ्यासाठी प्रत्येक केस मराठीत एका कागदावर लिहून द्यायचे. तुम्ही अमुक वर्षांच्या, काम अमुक, इथे दुखतं, असं दुखतं. आणि प्रत्येक कागदाच्या खाली एकच सूचना, ठळक अक्षरात: विचारलं तरच सांगायचं. मी मूतखडा झाले, कावीळ झाले, दारुडा झाले, बाळाला पाजता न येणारी आई झाले. त्या वेळी खरंच रडू आलं होतं तर दिलिनीबाईंनी प्रॅक्टिस थांबवून विचारलं, "आर यू ऑलराइट, सिस्टर?" मी आयुष्यात एवढी कुणाशी बोलले नव्हते आणि माझं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलंही नव्हतं. बँकेत जायला घाबरणारी मी, शाळेत मुलाच्या बाईंशी धडाधड बोलायला लागले ते या रविवारांमुळे. हे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत. आता वाटतं, दाखवायला हवे होते.

एकदा बसीम नापास झाले. तिसऱ्यांदा. ग्रुपवर "आता पुरे" एवढं लिहिलं आणि गायब. दोन आठवडे फोन उचलला नाही. डॉक्टरांनी गोदामात जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातात फोन दिला. "ताई, तुम्ही लावा. तुमचा नंबर त्याच्याकडे नाही. पोट दुखतं म्हणा." मला दरदरून घाम फुटला. तिकडून "हॅलो" आलं आणि मी एका दमात म्हणून टाकलं, "डॉक्टर, माय स्टमक पेन." मग बसीमनी हळूच विचारलं, "कुठल्या बाजूला?" उजव्या, मी म्हणाले. कधीपासून, जेवल्यावर वाढतं का, ताप आहे का... सगळं विचारलं त्यांनी, एकही प्रश्न चुकला नाही. शेवटी मी डॉक्टरांकडे बघितलं, ते डबा पुढ्यात घेऊन डोळे पुसत होते. पुढच्या रविवारी बसीम दोन वाजता हजर.

आता दाढेचं. ह्या थंडीच्या सुरुवातीला डॉक्टरांची दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. मी त्यांना लवंगा बांधून दिल्या, लवंगेचं तेल दिलं. गाडीत बसले की गालाला हात लावायचे. आमच्या गल्लीचा चढ मोठा आहे, मध्ये थांबून पटेलकाकांच्या दुकानाकडे बघत उभे राहायचे. माझे मिस्टर म्हणायचे, "काय डॉक्टर, दम लागला का?" ते म्हणायचे, "नाही हो, देखावा बघतो." परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. ती झाली की सुनंदावहिनी आणि लेक अकोल्याहून येणार होत्या. लेकीसाठी खोलीत एक टेबलही आणून ठेवलं होतं त्यांनी.

त्याच सुमारास एका रविवारी त्यांनी मला नवा कागद दिला. तुम्ही: चव्वेचाळीस वर्षांचा पुरुष. काम: गोदामात. तक्रार: डावी दाढ दुखते. आणि खाली, विचारलं तरच सांगायच्या गोष्टींत: चढ चढताना दुखते, थांबलं की राहते. मी वाचलं आणि हसून म्हणाले, "डॉक्टर, ही तर तुमचीच दाढ की!" ते म्हणाले, "मग काय वो ताई, केसेस मी कुठून आणू? थोडं स्वतःचं, थोडं दुसऱ्याचं." आम्ही केस केली. त्या दिवशी रिचा तिच्या परीक्षेच्या अभ्यासात होती, बसीम आणि दिलिनीबाई दोघंच होते. बसीमनी आधी दातांचंच विचारलं. दिलिनीबाईंनी तिसऱ्याच प्रश्नाला विचारलं, काय करताना दुखतं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ही दाढ नाही, हे हृदय आहे, आजच्या आज हॉस्पिटल. बसीम म्हणाले, बरोबर. आणि खंडारे डॉक्टर माझ्या शेजारी बसून माइकमध्ये म्हणाले, "व्हेरी गुड. बोथ पास."

हेडफोन काढल्यावर मी तो कागद पुन्हा वाचला. मी घाबरटच आहे, मुलगा दोनदा शिंकला तरी मला न्यूमोनिया दिसतो. मी म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला पण चढावरच दुखतं ना?" ते हसले. खिडकीपाशी गेले, उजेडात तोंड उघडलं आणि बोटानं दाखवलं. "बघा. खड्डा दिसतो?" दिसला. काळा, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. "ही किडलेली आहे ताई. ती केस होती, ही दाढ आहे. डेंटिस्टकडे नंबर लावलाय." माझा जीव भांड्यात पडला. खड्डा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता ना... त्यानंतर तेरा दिवसांनी पटेलकाकांचा फोन आला.

त्यांच्या खोलीत आवराआवर करताना फ्रिजवर चुंबकाखाली डेंटिस्टचं कार्ड मिळालं. पुढच्या मंगळवारची वेळ होती. ते कार्ड पाहून मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. म्हणजे त्यांना खरंच दाढच वाटत होती? की माझ्यासारख्या एखादीला दाखवायला ते कार्ड तिथे होतं? स्वतःला विचारायचं धाडस नव्हतं म्हणून माझ्या तोंडून विचारून घेतलं का त्यांनी? आणि उत्तर मिळाल्यावर, परीक्षा तोंडावर आहे, आता नको, असं म्हणाले असतील का मनात? की नुसती गंमत वाटली त्यांना, आपली दाढ दुखते त्यावरून केस सुचली म्हणून? मी रोज सकाळी एक ठरवते आणि गोदामात पोचेपर्यंत दुसरं.

इथल्या बौद्ध मंडळींनी सगळं केलं. वंदना झाली, बसीम वेलिंग्टनहून रात्रभर बसनं आले, पहिल्यांदाच मी त्यांना पाहिलं. पिठाचे पांढरे डाग बुटांवर तसेच होते. डॉक्टरांना माहीत होतं का, हे मी बसीमना आणि दिलिनीबाईंना, दोघांनाही विचारलं. दिलिनीबाई फोनवर म्हणाल्या, त्याला माहीत होतं, माहीत असल्याशिवाय कुठलाही डॉक्टर अशी केस लिहिणार नाही. बसीम म्हणाले, नाही सिस्टर, डॉक्टरला स्वतःचं दुखणं सगळ्यात शेवटी दिसतं. दोघंही शहाणे, दोघंही शिकलेले, दोघंही रडत होते. मी कुणाचं धरू?

आणि सुनंदावहिनी. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "ताई, तुम्ही रोज सोबत होत्या. त्यांना काही त्रास होत होता का? मला काही बोलले नाहीत." मी म्हणाले, "नाही वहिनी. फक्त दाढ दुखायची." त्या म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला आणि मला कळेना, मी खोटं बोलले की खरं. खड्डा तर खरा होता. पण ती केस मी त्यांना सांगितली नाही. कशाला सांगायची, माणूस गेला, आता त्या बाईनं आयुष्यभर तेच उगाळत बसायचं का? असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती होती की त्या विचारतील, मग तुम्ही काहून गप्प राहिल्या?

रविवार मात्र थांबला नाही. दिलिनीबाईंची परीक्षा जवळ आली आहे. डॉक्टरांच्या कागदांची फाइल माझ्याकडेच आहे. त्यांच्या खोलीतला काँप्युटर आता आमच्या जेवणाच्या टेबलावर असतो, दोन वाजले की मी हेडफोन लावते. गेल्या रविवारी प्रश्न विचारायची पाळी रिचाची होती. रिचाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. "रेडी, आँटी?" तिनं विचारलं. मी फाइलमधून दाढेचा कागद काढला. काढायचा नव्हता, पण काढला. ती त्या दिवशी नव्हती, तिला ही केस माहीत नव्हती. मला पुन्हा एकदा सगळं ऐकायचं होतं, कुठे काही सुटलं का ते.

रिचानं शांतपणे एकेक विचारलं. कुठे, कधीपासून, काय करताना, थांबल्यावर किती वेळानं राहतं. तिलाही कळलं, मला तिच्या आवाजावरून समजलं. आता ती हॉस्पिटल म्हणेल, म्हटलं, आणि झालं. पण ती आधी वेगळंच बोलली. ह्या दुखण्याचं तुमच्या घरी कुणाला माहीत आहे का, म्हणाली. त्या रविवारी हे ना बसीमनी विचारलं होतं, ना दिलिनीबाईंनी. मीही नाही. मी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर ह्याचं उत्तरच नव्हतं.

"वाइफ," मी म्हणाले. "शी इज फार. शी डझन्ट नो."

"ओके," रिचा म्हणाली. "देन शी शुड नो. वुड यू लाइक टू टेल हर, ऑर शाल आय?"

केस चालू आहे हे मी विसरले. मराठीतच म्हणाले, "मीच सांगते."

बसीम आणि दिलिनीबाई ऐकत होते, पण शब्द रिचालाच कळले. मग रिचा, कधीही मराठी न बोलणारी रिचा, अडखळत म्हणाली, "सांगा ना मग. आत्ता सांगा."

मी हेडफोन टेबलावर ठेवले, चालूच. अकोल्यात सकाळचे आठ वाजले असतील. वहिनींनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला.

"वहिनी," मी म्हणाले, "दाढेचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं."