खोक्यातली आजी

चंद्रप्रभा पुसदकर दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची, एका मंत्रालयात अनुवादक होती. वडील भामरागडला मास्तर, म्हणून माडिया भाषा लहानपणीच तिच्या कानात बसलेली. दिल्लीत त्या भाषेशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं, नव्वद सालच्या त्या चर्चासत्रापर्यंत.

पुरातत्त्वाच्या एका संस्थेनं विषय घेतला होता, 'आदिवासींच्या सहभागातून संशोधन'. माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. संस्थेचे प्रमुख डॉ. शशिकांत त्या दगडांचा अभ्यास करत होते. भामरागडकडच्या रैनू पुंगाटीनं त्यांना रानभर हिंडवून कुठला दगड कुणाचा ते सांगितलं होतं. आता त्यालाच दिल्लीला आणलं होतं, आणि दुभाषी म्हणून चंद्रप्रभेला बोलावलं होतं.

पडद्यावर चित्रं सरकू लागली. एका चित्रात दगड आडवा पडलेला, शेजारी चौकोनी खड्डा, खड्ड्यात हाडं. रैनू ताडकन उभा राहिला.

"ही माझी आजी," तो माडियात म्हणाला. "हिला हात लावू नका म्हणून तर दाखवलं होतं यांना. कुणाला विचारून उकरलं?"

डॉ. शशिकांत चंद्रप्रभेच्या कानाशी वाकले. "बाई, जरा सांभाळून घ्या. म्हणा, आजीची आठवण आली त्याला."

तिनं शब्दन् शब्द हिंदीत सांगितला. मग टाळ्या पडल्या. टाळ्या!

"देखिए, यही तो सहभाग है," डॉ. शशिकांत माइकवर म्हणाले. "बिल्कुल खुलकर बोलते हैं हमारे लोग."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले आणि जेवणात पनीर आहे का ते शेजारी विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत हाडं इथेच ठेवलीत हे कळलं, तेव्हा रैनू म्हणाला, आजीला भेटायचंय. तळघरातल्या गोदामातून पुठ्ठ्याचं एक खोकं काढलं गेलं. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला, वर हात ठेवला.

"आजी, मी रैनू. ही दिल्ली आहे. लांब आहे गावापासून. घाबरू नको."

फ्लॅश चमकला. "अच्छा है," फोटोग्राफर म्हणाला. "एक बार और."

"त्याला सांगा, परत तसंच बोल," डॉ. शशिकांत म्हणाले. "कव्हरला सुंदर येईल."

चंद्रप्रभेनं पुढे होऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात दाबला. "लाज वाटत नाही? नातू आजीशी बोलतोय. ते खोकं त्याला द्या, घेऊन जाऊ दे गावाला."

"तसं देता येत नाही हो. आणि तुम्ही उगाच भावनेच्या भरात..."

"भावना नाही, साहेब. ओकारी येतेय मला."

रैनूला घेऊन ती स्कूटरनं घरी आली. नवऱ्यानं, विश्वासनं, दोघांना वरणभात वाढला. रैनू जेवला. तिनं मात्र ताट बाजूला सारलं. साबणानं हात धुतला तरी त्या भिंगाचा गुळगुळीत गारवा तळव्यावरून जाईना.

संस्थेचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर खोक्यावर हात ठेवलेला रैनू होता; पहिला फोटो पुरेसा चांगला आला होता. आत आभारांमध्ये 'सौ. चंद्रप्रभा पुसदकर, मोलाचं सहकार्य' असं छापलं होतं. ते पान तिनं फाडलं, बारीक तुकडे केले आणि भाजीच्या देठांबरोबर केरात टाकले.

हाडं तळघरातच राहिली. रैनूनं रिकाम्या खड्ड्यावर दगड पुन्हा उभा केला. वडिलांनी तिला कळवलं, तो आता कुणाला रानात नेत नाही. जन्मभर त्याच भागात मास्तरकी केलेल्या वडिलांनी सहज विचारलं, तरी कुठला दगड कुणाचा ते सांगत नाही.