पक्की लावलेली लीड

मोठ्या डॉक्टरांनी मी लावलेली, पेशंटच्या छातीवरून सुटलेली लीडची, म्हणजे मॉनिटरच्या वायरची, चिकटपट्टी उचलली आणि माझ्या हातावर चिकटवली. मनगटाच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी.

"ड्युटी संपेपर्यंत काढायची नाही," ते म्हणाले. "कशी चिकटवतात ते लक्षात राहील."

राउंडला उभे असलेले सगळे हसले. इन्चार्ज मॅडमही हसल्या. कार्डिअ‍ॅक आयसीयूतला माझा तो तिसरा दिवस होता.

नर्सिंग होऊन दीड वर्ष झालं होतं. जनरल वॉर्डातून स्वतः अर्ज करून मी इथे आले होते. हृदयाचं काम शिकायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी दिघाशीची, खेड्यातली. वडील दापोड्याच्या गोडाऊनमध्ये माल चढवतात, उतरवतात. या युनिटमध्ये माझ्यासारख्या मुली घेत नाहीत, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी पेशंटची माहिती देताना माझ्या तोंडून "ताप न्हाय" निघालं. डॉक्टरांनी ते मला परत म्हणायला लावलं. करमणूक झाली त्यांची.

ती पट्टी मी ड्युटीभर ठेवली. त्यांनी लावली याची लाज वाटत नाही. मी काढली नाही याची वाटते.

पण ती का सुटते ते मी शोधून काढलं. नारपोलीचे लूम कामगार यंत्रमागावरून येतात ते अंगावर कापसाचे तंतू घेऊन. घामाने ते छातीच्या केसांत बसतात. वरून पट्टी लावली की थोड्या वेळात निघणारच. मी आधी केस काढायला लागले. मग स्पिरिटने पुसायचं, गॉझने कोरडं करायचं, मग लावायचं. माझी लीड निघणं बंद झालं. कौतुक कुणी केलं नाही. मला हवं होतं, खोटं कशाला बोलू.

तीन महिन्यांनी दुपारच्या ड्युटीला एक लूम कामगार दाखल झाला. चाळिशीचा असेल. हार्ट अटॅक. मी छाती पुसत होते तर म्हणतो, "सिस्टर, इतना तो मैं लूम भी नहीं पोंछता." मला हसू आलं.

चार वाजून दहा मिनिटांनी मॉनिटरचा अलार्म वाजला. पडद्यावर रुंद, वेडेवाकडे ठोके. मी त्याचं मनगट धरलं. नाडीही चुकत होती. लीड सुटली तर पडदा बिघडतो, नाडी बिघडत नाही. ड्युटी डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, सरांना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय काही करणार नाही. मग सरांना मीच फोन लावला. नाडीचंही सांगितलं.

"लीड निघाली असेल. अजून चिकटवायला जमत नाही का?" फोन बंद.

लीड पक्की होती. मला माहीत होतं. तरी मी सगळ्या काढल्या. पुन्हा स्पिरिट, पुन्हा गॉझ. एकेक करून पुन्हा लावल्या. आठ मिनिटं. माझ्या बोटांखाली नाडी चुकत होती आणि मी विश्वास ठेवला फोनवरच्या माणसावर. तीन महिन्यांपूर्वीची ती पट्टी कधीच निघाली होती, पण मी अजून ती हातावर घेऊन फिरत होते.

शेवटची लीड लावली आणि नाडी गेली. आता ड्युटी डॉक्टर कुणाला न विचारता धावला. आम्ही छाती दाबली, शॉक दिले. माणूस परत आला नाही.

सर साडेपाचला आले. मॅडमनी केसपेपर आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. लीड सैल होती, म्हणून अलार्म खोटा वाटला, असं लिहायचं, त्या म्हणाल्या. नाहीतर उद्यापासून जनरल वॉर्ड. पुन्हा या युनिटचं नाव काढायचं नाही.

"लीड पक्की होती," मी म्हटलं. "मी खोटं लिवणार न्हाय."

या वेळी कुणी परत म्हणायला लावलं नाही.

अलार्मची वेळ लिहिली. नाडीचं लिहिलं. फोनची वेळ आणि सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. खाली माझंही लिहिलं: पक्क्या लीड काढून पुन्हा लावल्या, आठ मिनिटं गेली. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोने विचारलं, तेव्हा तिलाही हेच सांगितलं, आठ मिनिटांसकट. 

दुसऱ्या दिवशी मला जनरल वॉर्डात टाकलं. त्याच आठवड्यात मी कार्डिअ‍ॅकसाठी पुन्हा अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, मिळणार नाही. मी म्हटलं, तसं लेखी द्या. अजून दिलेलं नाही. दर सोमवारी मी विचारायला जाते. इथे नाही जमलं तर दुसरीकडे जाईन, पण काम हृदयाचंच करणार. आणि पेशंटच्या मनगटावर माझा हात असताना फोनवरून कुणीही काहीही सांगो, तो हात मी काढणार नाही.