सोळा स्कूटर आणि एक सायकल

डिचोलीच्या त्या बाजारात स्कूटर लावायचा एकच नियम होता: हँडल लॉक करायचं नाही. बाकीचं जयवंत बघायचा. चंदगडहून खाणीवर आलेला हा माणूस खाण बंद पडल्यावर गावी परतला नाही, जुनी सायकल घेऊन बाजारातच उभा राहिला. स्कूटर मागून उचलून इंच इंच सरकवायचा आणि दोन मोटारी ऐसपैस पसरतील तेवढ्यात सोळा बसवायचा. लोक जाताना काहीबाही हातावर ठेवत. त्याची सायकल रांगेच्या टोकाला, भिंतीला टेकलेली असे.

व्यापारी मंडळाचे गौरेशबाब एकदा मोजायची फीत घेऊन आले. "सोळा गाड्यो तूं कशे बसयता रे? म्हाका दाखय."

शहाणा माणूस पोटाची विद्या झाकून ठेवतो. पण इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं, तेव्हा हा भोळसट फुगला. कुठली तिरकी, कुठली सरळ, सगळं सांगून बसला. गौरेशबाबांनी मापं घेतली, पाठ थोपटली. जयवंतनं बायकोला फोन केला, "शेवंता, आता मला कायम करतील बघ."

आठ दिवसांत जमिनीवर पांढऱ्या रेघा आल्या. सोळा चौकोन, थेट त्याच्याच मापाचे. आता कुणीही आपली गाडी आपण लावू शकत होतं.

"आतां तुजी गरज ना," गौरेशबाब म्हणाले.

नको म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी तो आलाच. जाणार कुठे? दुपारी मंडळाचा टेम्पो आला, रेघेबाहेरचं उचलायला. भिंतीपर्यंत पोचायला स्कूटर आड येत होत्या. टेम्पोवाल्यांनी हाक मारली, "जयवंता, वाट कर रे."

कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. आपली गरज पडली, एवढ्यावरच खूश. एकेक स्कूटर काढली, एकीलाही ओरखडा नाही. त्या वाटेनं दोघं आत गेले आणि त्याची सायकल उचलून घेऊन आले.

"अहो, ती माझी आहे," जयवंत म्हणाला.

"रेघेत होती?"

फुलवाल्या, भाजीवाल्या बघत राहिल्या. टेम्पो गेल्यावर त्यानं सोळाही स्कूटर पुन्हा जागेवर लावायला घेतल्या. शेवटची औषधाच्या दुकानातल्या संजनाची होती. ती बाहेर आली.

"म्हज्या गाडयेक हात कित्याक लायलो?" असं विचारून तिनं त्याच्यासमोरच हँडल वळवून लॉक केलं आणि चावी पर्समध्ये टाकली.