गिअरबॉक्समधली पितळी चकती

त्या गिअरबॉक्सचा विषय निघाला की आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता तरी सोडा. मी नाही सोडत.

तेव्हा मी पवनीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना अड्याळचा एक काळीपिवळीवाला बायकोला घेऊन आला. रात्री दाराशी लावलेली जीप उठून पाहतो तर जागेवर नव्हती. तीच त्यांची रोजीरोटी. गुन्हा नोंदवला, नाकाबंदीचे निरोप गेले, हाती काही लागले नाही. मग वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. गाडीचा विमा नुकताच भरलेला होता, त्यामुळे यानेच गाडी विकून बोंब ठोकली असे त्यांनी ठरवून टाकले होते.

"ब समरी पाठवा आणि त्याच्यावरच गुन्हा घ्या," ते म्हणाले. ब समरी म्हणजे तक्रार खोटी, मुद्दाम केलेली. ती एकदा गेली की फिर्यादीच आरोपीच्या बाकावर बसतो.

"पुरावा काय आहे, सर?"

"इतक्या वर्षांचा अनुभव काय सांगतो तुम्हाला?"

"विमा भरणारा प्रत्येक माणूस चोर नसतो, एवढं सांगतो."

मी सही केली नाही. त्यांना ते आवडले नाही. त्यांना आवडावे म्हणून मी नोकरी करत नव्हतो.

ठाण्यात परतल्यावर नवराबायकोला पुन्हा बोलावले आणि पुरवणी जबाब घेतला. चोर नंबर घासून काढतात, म्हणून गाडीची दुसरी काही खूण आहे का ते विचारले. तो रडकुंडीला आला होता. "साहेब, मी काहून माझीच गाडी चोरीन? खूण कायची सांगू? तिसरा गिअर सुटत होता पहिले, मग दुरुस्त केला."

बायकोने त्याला कोपराने ढोसले. ती म्हणाली, "माझ्या हंड्याचं सांग ना. ते कायले लपवतं?"

मग कळले. गिअरबॉक्सच्या शाफ्टला खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला होता, म्हणून गिअर सुटायचा. हवी तशी चकती बाजारात मिळेना. आमचा जिल्हाच पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. मिस्त्रीने घरातला तडकलेला हंडा मागितला, ओळखीच्या कारागिराकडून त्याच्या पोटातून चकती कापून घेतली आणि बेअरिंगच्या मागे बसवली. हंडा बाईला लग्नात बापाने दिलेला. आपल्याकडे अशा भांड्यावर देणाऱ्याचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरतात. कारागिराने नेमका नावावरच घाव घातला होता. या गोष्टीवरून नवराबायकोचे तेव्हापासून भांडण चालू होते.

पुढे काही दिवसांनी माझ्या बातमीदाराने चहाच्या टपरीवर कानात सांगितले, "साहेब, गाडी नाही भेटन. पोतं भेटन." नाकाडोंगरीच्या रस्त्यावर एक गॅरेज होते. खाणीकडच्या जीपा तिथे दुरुस्तीला येत. तिथल्या ठाण्याला कळवून पंचांसह झडती घेतली. पोत्यात सुटा केलेला गिअरबॉक्स निघाला. त्याच्या बाहेरच्या कवचावरचा, हाउसिंगवरचा नंबर ग्राइंडरने उडवलेला.

गॅरेजवाला हसला. "नागपूरच्या कबाड्याकडून आणला साहेब. चार गाड्यांचा मिक्स माल हाय. आपण तर पोतं खोलून बी नाही पाहलं."

तेलाने काळी झालेली एक चकती मला पोत्याच्या तळाशी दिसली होती. मी ती पुसली नाही. पुसली असती तर तो म्हणाला असता, चोरीचा माल कबाड्याने मला विकला, माझा काय दोष? मला गिअरबॉक्स हवा होताच, पण तो खोलणारा हात त्याहून जास्त हवा होता.

नोकरीची सुरुवातीची वर्षे मी पोलीस मोटार विभागात काढली आहेत, गिअरबॉक्स मला नवा नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात ताडपत्री अंथरली. पंच बसवले, हंडा घेऊन बोलावलेल्या बाईला आत बाकावर बसवले, गॅरेजवाल्याला खुर्ची दिली, चहा दिला. मोटार विभागाच्या मिस्त्रीला सोबत घेऊन मी जोडणी सुरू केली. चार गाड्यांचा माल म्हणे! दात दाताला असे बसत होते, जणू जन्मापासून एकत्र झिजलेले. गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा आपापल्या जागी गेल्या.

"साऱ्या जीपा सारख्याच राहतात साहेब," तो म्हणाला.

मी मान हलवली आणि गिअर सरकवणारा फोर्क मुद्दाम उलटा धरला. त्याचा पाय हलायला लागला. कामात मुरलेल्या माणसाला दुसऱ्याने केलेली नासधूस बघवत नाही, हे मी पुष्कळ पाहिले आहे. "उलटा हाय तो," त्याच्या तोंडून निघालेच. मी फोर्क सरळ केला. मग काळी चकती ताडपत्रीवर तशीच ठेवून मागचे झाकण लावले आणि बोल्टला पाना घातला.

त्याने चहा खाली ठेवला. "असं नका कसू साहेब. खेळ राहते तिथं. ते चकती टाका आंधी, बेअरिंगच्या मागं."

मी पाना खाली ठेवला.

"कंपनी अशी चकती देत नाही. पोतं तू खोललंच नव्हतंस. मग तिची जागा तुला कशी कळली?"

"अंदाज केला, साहेब," तो म्हणाला, पण नजर पंचांकडे गेली होती. मी चकती रॉकेलने पुसली. ठिपके दिसू लागले. बाकावर बसलेल्या बाईला हाक मारली, तिने हंडा आणला आणि मी चकती त्याच्या भोकावर धरली. अर्धी तुटलेली अक्षरे एकमेकांना जुळली आणि तिच्या बापाचे नाव पुरे झाले. बाई पदर तोंडाला लावून रडू लागली.

त्याच दुपारी गॅरेजवाल्याने आपल्या मेव्हण्याच्या शेतातली चेसिस, म्हणजे जीपचा सांगाडा, काढून दिली. भाताच्या पेंढ्याच्या, तणसाच्या ढिगाखाली ठेवली होती, नंबर शाबूत होता. पंचनामा झाला. वरिष्ठ म्हणाले, "नशीब तुमचं चांगलं." मी म्हणालो, "नशीब नाही सर, हंडा." त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिले गेले ते मी विचारलेही नाही.

कोर्टातून मुद्देमाल परत मिळाल्यावर दोघे भेटायला आले. गाडी पुन्हा जोडून उभी राहिली होती, आणि चकती त्याच जागी पुन्हा बसवली होती. बाईनेच हट्ट धरला होता. तिने विचारले, "साहेब, तुमी त्या दिवशी सही केली असती तर?"

"तर हा आत असता."

ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आयकलं? आता माझ्या हंड्याले नाव ठेवशील तर पाहा."

एखाद्याला खोटे ठरवायला एक सही पुरते. खरे ठरवायला त्याचे सगळे ऐकून घ्यावे लागते, बायकोच्या हंड्यासकट. हे मी त्या केसमध्ये शिकलो आणि पुढे प्रत्येक नव्या ठाणेदाराला ऐकवले, त्याला पटो न पटो. ती समरी माझ्या सहीने गेली नाही. आज खुर्चीवर असतो तरी गेली नसती.