धागा तुटला, बेटी

आज ट्रंकेतून अब्बांनी विणलेली हिमरू शाल काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी त्यांच्या मागाची खटखट कानात सुरू झाली.

तेव्हा मी मॅट्रिकला होते आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता. अब्बा विणत होते आणि मी शेजारी बसून क्रियापदांची तिन्ही रूपं त्याच ठेक्यावर घोकत होते: गो, वेंट, गॉन, राइट, रोट, रिटन. कंटाळून मी 'स्पीक'वरून थेट 'स्पोकन'वर उडी मारली. माग थांबला.

"बेटी, अंग्रेजी मला येत नाय. पण इथं एक धागा तुटला."

मी आधी चिडले, मग दोघंही पोट धरून हसलो.

पुढं मी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं. वर्गात कुणी अडखळली, की माझ्या तोंडून निघायचं, "धागा तुटला, बेटी!" आणि पोरी घाईघाईनं आपापल्या ओढण्या तपासायच्या.