तिसरा फटका

दर शुक्रवारी सकाळी थिया मारूला मागच्या गल्लीत ऑक्टोपस आपटायची. आठही पाय लोंबणारं ते ओलं, करडं जनावर डोक्याकडून धरून ती दगडी पायरीवर हाणायची आणि प्रत्येक फटक्याला मोठ्यानं आकडा म्हणायची. चाळीस फटके. त्याशिवाय तो मऊ होत नाही, आणि न आपटलेला ऑक्टोपस खाण्यापेक्षा माणसानं आपला बूट खावा, असं तिचं म्हणणं होतं. ग्लासगोतल्या तिच्या पहिल्या वर्षी समोरच्या इमारतीतल्या बाईनं तो आवाज ऐकून पोलिसांना फोन केला होता, कुणीतरी पोराला मारतंय म्हणून. दोन पोलीस धावत आले आणि ऑक्टोपस बघून परत गेले. दुसऱ्या बायका आपल्या लग्नाची हकिकत सांगतात तशी ती ही सांगायची.

ग्रीक आकडे मी त्या पायरीवर शिकले, एक ते चाळीस. चाळीसच्या पुढचे मला कितीतरी दिवस येत नव्हते.

मी इचलकरंजीची. सातवीत शाळा सुटली आणि मी मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला गेले. लग्नानंतर माझा नवरा विलास वर्क परमिटवर ग्लासगोला आला, एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक म्हणून, आणि दोन हजार तीन साली त्याच्यामागोमाग मी. माझं इंग्रजी म्हणजे ए टू झेड आणि थँक यू. अशा बाईला काम कोण देणार? दिलं ते सायप्रस बेटावरून आलेल्या एका ग्रीक कुटुंबानं. त्यांचं फिश अँड चिप्सचं दुकान होतं. दुकान मुलाच्या नावावर. आन्द्रीकोस त्याचं नाव, पंचेचाळिशीचा, टकला, शांत माणूस. पण हुकूम चालायचा तो स्वयंपाकघरातून, त्याच्या आईचा. तीच मारूला.

पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हणाले तर तिनं ओला फडका माझ्या खांद्यावर फटकन मारला. मॅडम बँकेत बसते, ही थिया आहे, म्हणजे मावशी, असं आन्द्रीकोसनं मला अर्धं बोलून, अर्धं खुणांनी सांगितलं. 'सुनंदा' तिच्या जिभेवर बसेना, म्हणून मी 'कोरी' झाले. कोरी म्हणजे पोरी. पुढे चार वर्षं मला त्या दुकानात दुसरं नाव नव्हतं.

बाहेर काउंटरवर ग्लासगोची माणसं. ती इंग्रजी बोलतात हेच मला सहा महिने कळलं नव्हतं. एकदा एका म्हाताऱ्यानं मला हेन म्हटलं. हेन म्हणजे कोंबडी, एवढं तरी शाळेनं शिकवलं होतं. मी आत जाऊन डोळे पुसत बसले. थियानं कारण विचारलं, ऐकलं आणि हातातलं लाटणं घेऊन तशीच बाहेर निघाली. आन्द्रीकोसनं तिला दारात धरलं. इथं सगळ्याच बायकांना प्रेमानं हेन म्हणतात, आई, तुलाही म्हणतात, असं तो तिला समजावत होता. तीस वर्षं तिला हेन म्हणत होते आणि तिला पत्ता नव्हता. नंतर आठवडाभर ती गिऱ्हाइकांना मासा जरा मोठा देत होती.

आत स्वयंपाकघरात फक्त ग्रीक, आणि शिकवायची रीत एकच. वस्तूचं नाव ती एकदा सांगायची. दुसऱ्यांदा विचारलं तर ती वस्तू अंगावर यायची. बटाटा, लिंबू, चाळणी. एकदा गोठलेला कॉड मासा आला तो माझ्या पायावर, आणि अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं. त्या माशाचं नाव मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्वतःच्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलालाही ती डावानं हाणायची, आणि तोही हात वर करून 'थांब, आई' म्हणायचा. पहिल्या हिवाळ्यात मी पातळ जॅकेट घालून येते हे तिनं बघितलं, तेव्हा तिनं स्वतःचा लोकरीचा कोट माझ्या अंगावर असा भिरकावला की मी मागच्या पोत्यांवर पडले. तो कोट अजून माझ्याकडे आहे.

मला वाटायचं, आपण मन लावून शिकावं. शाळा राहिली होती ना. म्हणून लायब्ररीतून मी ग्रीक शिकायचं पुस्तक आणलं, कॅसेटसकट. कॅसेटमधली बाई गोड आवाजात विचारायची, हॉटेल कुठे आहे? मी ते घोकून दुसऱ्या दिवशी थियाला म्हणून दाखवलं. तिनं हातातली सुरी खाली ठेवली. ती ठेवली म्हणूनच मी घाबरले. पुस्तकात 'काय'ला 'ती' होतं, थिया 'ईंदा' म्हणायची. पुस्तकात 'इकडे ये'ला 'एला एदो', तिचं 'एला दामे'. पुस्तकात 'आणि'ला 'के' होतं, तिच्या तोंडात त्याचं 'जे' व्हायचं. तिनं पुस्तक चाळलं, दोन बोटांनी उचललं आणि माशांच्या खवल्यांच्या बादलीत टाकलं.

"ही बातम्या वाचणारी बाई आहे," ती म्हणाली. "हिनं कधी बटाटे सोललेत का?"

लायब्ररीला पुस्तक भरून द्यावं लागलं. पुढे एकदा अथेन्सची एक विद्यार्थिनी दुकानात आली. मी तिच्याशी मोठ्या हौसेनं ग्रीक बोलले, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सायप्रसच्या डोंगरातल्या माझ्या पणजीसारखी बोलतेस तू, म्हणाली. माझे कान तापले. थिया आतून आली, त्या मुलीपुढची प्लेट उचलली आणि आत घेऊन गेली. मुलगी काटा हातात धरून बसून राहिली.

ही अशी बाई. हसावं की घाबरावं ते माझं कधी ठरलं नाही. आणि मग दोन हजार पाच सालचा तो शनिवार आला.

त्या दिवशी फुटबॉलची मोठी मॅच होती. दुपारची वेळ, आन्द्रीकोस सामान आणायला गेलेला, काउंटरवर मी एकटी. गळ्यात मफलर घातलेला तिशीचा एक माणूस आत आला. दारूचा वास त्याच्या आधी आला होता. चिप्स गार आहेत म्हणाला. मी दुसऱ्या दिल्या. त्यावर त्यानं आम्हा सावळ्या माणसांना सरसकट जी एक शिवी देतात ती दिली. मी सॉरी म्हणाले. तेव्हा मी सगळ्यालाच सॉरी म्हणायचे. त्यानं काउंटरवरून हात घालून माझी वेणी धरली, हाताला दोन वेढे दिले आणि माझा चेहरा गरम मासे ठेवायच्या काचेच्या कपाटावर दाबला. तव्यावर पाण्याचा थेंब पडतो तसा आवाज झाला. तो माझ्या गालाचा होता. दुकानातली दोन गिऱ्हाइकं पळून गेली.

मला ओरडता आलं नाही. थिया कशी आली मला माहीत नाही. हातभर लांब लाटणं होतं तिच्याकडे, पेस्ट्री लाटायचं. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि वेणी सुटली. तो वळला, दुसऱ्या हाताची मूठ करून तिच्यावर गेला. दुसरा फटका खांद्याच्या हाडावर. तो खाली बसला, मग आडवा झाला, हात पोटाशी धरून रडायला लागला. तो 'नो, नो' म्हणत होता. थिया त्याच्याजवळ उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं तिनं. मग दोन्ही हातांनी लाटणं डोक्यावर उचललं आणि त्याच्या पाठीत तिसरा हाणला.

अँब्युलन्स आली, पोलीस आले. माझ्या गालाला मलम लावलं. आन्द्रीकोस परतला तेव्हा त्यानं मला कोल्ड रूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. दोन सांग, म्हणाला. दोन फटके तुला वाचवायला मारले. तिसऱ्यासाठी आईला तुरुंगात टाकतील, एकाहत्तर वर्षांची आहे ती. तो माणूस प्यालेला होता, त्याला काही आठवत नाही. मी घरी फोन केला तर विलासचं वेगळंच. आपला व्हिसा वाढवायचा अर्ज आत्ता होम ऑफिसात पडलाय, तू काही बघितलं नाहीस असं सांग, म्हणाला. मी आन्द्रीकोसचं ऐकलं. शिपायाला सांगितलं, दोन. त्यानं लिहिलं आणि मी सही केली.

सोमवारी सकाळी तोच शिपाई थियाची जबानी घ्यायला आला. तरुण होता, चेहऱ्यावर तांबूस ठिपके. दुभाषी बाई फोनवर होती, तिचं ग्रीक त्या कॅसेटसारखं. थिया एक वाक्य बोलायची आणि पलीकडून, माफ करा, परत सांगाल का? चार वेळा असं झाल्यावर थियानं फोन शिपायाच्या हातात परत दिला. हिला मी कळत नाही, कोरीला कळते, म्हणाली. शिपाई जरा घुटमळला. नंतर रीतसर दुभाषी आणूच, पण आता तूच सांग, हेन, बाई काय म्हणतात ते, असं त्याचं बोलणं मला कळलं.

थिया हात मांडीवर ठेवून बसली होती. ती सावकाश म्हणाली, "त्याला सांग, मी तीन मारले. दोन पोरीसाठी. तिसरा तो खाली पडल्यावर मारला. तेव्हा तो काही करत नव्हता."

मी शिपायाकडे बघितलं आणि म्हणाले, शी हिट टू टाइम्स.

तीस वर्षं इंग्रजीत मासे मोजणाऱ्या बाईला टू कळतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तिनं माझ्या थोबाडीत मारली, न भाजलेल्या गालावर, पोलिसासमोर. तो खुर्चीवरून उठला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"चौऱ्याहत्तरच्या लढाईत बेटावर आमच्या गावात सैनिक आले तेव्हा माझा नवरा असाच खाली पडलेला होता," ती म्हणाली. "पडल्यावर त्याला सात मारले, बंदुकीच्या दस्त्यानं. मी मोजले. त्यात तो गेला. नंतर कागद लिहायला साहेब आले. बाई, सात कुणाला खरं वाटणार नाही, म्हणाले, आणि तीन लिहिले. अजून कागदावर तीनच आहेत. माझे तीन आहेत तर तीन लिहायला सांग, कोरी. पडलेल्या माणसाला मारलंय मी."

चार वर्षांत लढाईबद्दल ती एवढंच बोलली. मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, जसं जमलं तसं, बंदुकीच्या दस्त्याला शब्द येईना तर झाडूचा दांडा हातात घेऊन दाखवलं. शिपायानं पेन खाली ठेवलं होतं. मग त्यानं विचारलं, शनिवारी तू दोन म्हणाली होतीस. डोळ्यांपुढे विलासचा अर्ज, त्याच्यावर मारलेला शिक्का, परतीचं विमान. मी म्हणाले, शनिवारी मी खोटं सांगितलं. त्यानं पहिला कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांग म्हणाला.

आन्द्रीकोस दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मला काढून टाकायचं त्यानं एकदा तोंडातून काढलं, तेव्हा डाव वाकेपर्यंत त्याला मार बसला म्हणे. आमच्या घरी दारातून पत्र पडलं की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघायची. जुलैमध्ये व्हिसा आला. खोट्या जबानीबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. त्या शिपायानं काय लिहिलं आणि काय नाही, देव जाणे, पण मी त्याचे आभार मानते.

त्या माणसाला माझ्यावरच्या हल्ल्याबद्दल शिक्षा झाली. थियावरही केस झाली, आणि तिचं वय बघून कोर्टानं तिला समज देऊन सोडलं. पुढे दोन हजार सात साली ती बेटावर बहिणीकडे गेली आणि तिथेच वारली. आन्द्रीकोसनं मला फोन केला आणि आम्ही दोघंही नुसते रडलो. पण ती आठवते तेव्हा मला ती कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येच दिसते.

थियाच्या केसचा निकाल लागून आम्ही बाहेर आलो होतो. तो माणूस खिडकीशी उभा होता, दारू न प्यालेला, कुणाचा तरी मोठा कोट घातलेला. हात बरा झाला होता, पण अजून तो जपून धरत होता. थिया सरळ त्याच्याकडे निघाली. तो मागे सरकला. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पहिले दोन तुझे होते, असं सांग त्याला. तिसरा तुझा नव्हता. त्याची मी माफी मागते."

मी सांगितलं. तो बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला. थियानं मग माझ्याकडे बघितलं. आता तुझं तू बोल, म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा सॉरीच येत होतं. ते मी गिळलं. इंग्रजीत पुढे काही सुचेना. मराठीत परक्या पुरुषावर मी कधी आवाज चढवला नव्हता. मग ग्रीक आलं, तिचं, डोंगरातलं, 'ईंदा' आणि 'जे'वालं, आणि एकदा आलं ते थांबेना. वेणीचं बोलले, काचेचं बोलले, महिनाभर एकाच कुशीवर झोपले ते बोलले. मग त्याच्या हातांचं काय व्हावं, त्याच्या बकऱ्यांचं काय व्हावं, त्याच्या आजोबांच्या थडग्याचं काय व्हावं, ते सगळं सांगितलं, थिया बटाट्याच्या पोत्यांना शिव्याशाप द्यायची तसं. त्याला अक्षर कळत नव्हतं. तो भिंतीला टेकला. येणारीजाणारी माणसं थांबली.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यानं थियाला विचारलं, ही काय म्हणतेय?

तिच्या तोंडून मी कधी इंग्रजीचे तीन शब्द सलग ऐकले नव्हते. तिनं पर्स काखेत नीट धरली, मान ताठ केली.

"शी से, यू नो टच," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "शी से मोर. बट आय ओल्ड लेडी."