कामट्यांत बांधलेला हात

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. आमच्या घरात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच. औरंगाबादच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुटीत सेलूजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा धाकटी बहीण उजवा हात मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवशी शेरडांसाठी पाला तोडताना ती झाडावरून पडली आणि हात कोपराजवळ मोडला.

हात बानं बांधला होता. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. कोकराचा पाय मोडला की बा बांबूच्या कामट्या लावून लोकरीच्या दोरीनं आवळायचा. कळप चालत राहतो, कोकराला एका जागी बसवता येत नाही, म्हणून गाठ ढिली चालत नाही. त्यानं बांधलेली कोकरं पुन्हा पळताना मीही पाहिली होती. लेकीचा हात त्यानं तसाच, सरळ करून, बगलेपासून मनगटापर्यंत आवळला होता.

"लय दुखायलंय का?" मी विचारलं.

"काल दुखायलं व्हतं. आता बोटं माझी न्हाईतच वाटायलंय, दादा."

बोटं सुजून निळी पडली होती. हाताला गार लागली.

"बा, दोरी सोडू या."

"सोडली की हाड सरकतंय. कालेजात मेंढरं शिकवायलेत का रं आता?" बा हसला. मग त्यानं स्वतः ती बोटं धरून पाहिली. त्यानं लोकर कातरायची कातर आणली आणि दोरी कापली.

आम्ही रेल्वेनं तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोरीचे वळ पाहिले.

"किसने बांधा?"

"म्या, साहेब."

ते रागावले नाहीत. मनगटावर नाडी शोधत राहिले, ती लागेना. मग मला अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत समजावलं. कोपराच्या वर हाड मोडलंय, त्याच्या टोकानं रक्ताची नस दाबलीय, राहिलेलं रक्त बांधण्यानं अडवलंय. चीर देऊन हाड जागेवर बसवायचं, तार घालायची, सुजलेलं मांस उघडून मोकळं करायचं. "हाथ बचेगा. उंगलियों का नहीं बोल सकता."

दोन्ही गोष्टी मी बाला सांगितल्या. त्यानं कागदावर अंगठा दिला. मग मला हळूच म्हणाला, "तिला मेंढीची धार पिळता येईल का, इचार की."

मी विचारलं. डॉक्टर हात धूत होते. त्यांनी पुन्हा साबण हातात घेतला.

हात वाचला. जखमा भरल्या, तार निघाली. त्या दिवशी डॉक्टरांनी तिला खाटेवर बसवलं. "मुट्ठी खोल, बेटी."

ती हाताकडं बघत राहिली.

"जरा जोर लाव, माय," बा म्हणाला.

"लावायलेय की, बा."

मग तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट धरून सरळ केलं. सोडलं की ते पुन्हा आत वळायचं.